स्वयंपाकीणबाईसाठी उठलेली अकरा पोरं

दोन हजार एकोणीस साल. मला तेव्हा अडुसष्ट सरून एकोणसत्तरावं लागलं होतं. सरकारी कागदावर माझं वय तीन वर्षांनी कमी आहे, पण आईनं सांगितलेलं मी खरं धरतो, कागदाचं नाही.

शिमग्याचे दिवस होते आणि पोरांच्या वार्षिक परीक्षेचेही. आमच्या रानात ही दोन्ही एकदमच येतात. कुंभ्याच्या झाडाला फुलं लागतात आणि त्यांचा तो ओला, उग्र वास ऊन तापायच्या आत सगळ्या गावावर येऊन बसतो. पानगळ अशी की अंगणामागं कोंबडी चालली तरी रानडुक्कर आल्यासारखं वाटतं. पत्र्यावर वाळत घातलेली शिकेकाई दुपारी तडतडते. कुणी झाडावरनं तांबड्या मुंग्यांचं घरटं उतरवून आणलं असलं तर पाट्यावरच्या चटणीचा आंबट झणका नाकात जातो आणि डोळ्यांत पाणी येतं. या सगळ्याच्या वर शाळेतनं पाढे. अकरा पोरांचा आवाज. एखादं पोर चुकलं की सगळे थांबायचे, एक बाईमाणसाचा आवाज यायचा, आणि पाढा परत मागनं सुरू व्हायचा.

यंदाही कुंभा फुललाय. अंगणात बसलो की कान आपोआप शाळेकडं जातो, तिकडं काही नसतं, आणि मग तो बुधवार माझ्यासाठी परत सुरू होतो.

आमचं गाव कानडी मुलखात, जोयडा तालुक्यात, गुंदच्या वाटेवर, डांबर संपल्यावर आणखी आत. गावाचा म्होरक्या असतो त्याला आम्ही बुधवंत म्हणतो. तो मान माझ्या घराण्यात आहे. देवापुढं गाऱ्हाणं मी घालायचं, बांधाचं भांडण मी तोडायचं, सायेब आला तर त्याच्या शेजारची खुर्ची माझी. शाळेच्या समितीचा अध्यक्षही मीच होतो. शिक्षण तिसरी. तिसरी शिकलेल्या माणसाला मास्तर चारचौघांत 'अध्यक्ष' म्हणून हाक मारतात, त्यात एक गोडी असते. काजूच्या बोंडासारखी. खाताना रस गोड लागतो, घसा मागनं धरतो.

मास्तर खानापूरकडचे. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो. पहिल्या वर्षी रोज आले. आमच्या रानातल्या जमिनीचे अर्ज त्यांनीच लिहिले, कचेरीत आमच्या बाजूनं तेच बोलले. दुसऱ्या वर्षी आठवड्यातनं तीन दिवस. मग रामनगरला त्यांनी खत-बियाण्याचं दुकान घातलं आणि शाळेत फक्त गुरुवार उरला. गुरुवारी येऊन सगळ्या आठवड्याच्या सह्या.

वर्ग मोकळा नव्हता. वर्गात जयश्री होती. शाळेत पोरांचा भात शिजवणाऱ्या गंगूची लेक. नवरा मधाच्या पोळ्याला गेला तो झाडावरनं पडून गेला, तेव्हापासनं गंगूनं भाताच्या पातेल्यावर पोरीला बारावी केलं, डी.एड. केलं. कोर्स करून पोर घरी आली तेव्हा मास्तर मला म्हणाले होते, "अध्यक्ष, पोरगी हुशार आहे. बसू दे वर्गात. दुसऱ्या मास्तराची जागा मंजूर आहे, रिकामीच पडलीय. जूनमध्ये अतिथी शिक्षक म्हणून, वर्षाच्या बोलीनं, तिचं नाव घालू."

तसे तीन जून गेले. नाव गेलं नाही. नाव कागदावर आलं की कागद बघायला माणूस येतो, आणि माणूस आला की तो मास्तरांनाही शोधणार. हे मला पहिल्याच जूनला कळलं होतं. तिसरी शिकलेल्यालाही एवढं कळतं. मी गप्प राहिलो. मराठी शिकवणारा मास्तर आमच्या रानात मोठ्या मुश्किलीनं येतो; हा गेला तर दुसरा यायचा नाही, शाळाच उठेल, हे भय खरं होतं. पण भयाच्या आत खुर्चीही होती. दोन्ही एका पिशवीत घालून मी तिला 'गावाचं भलं' असं नाव दिलं होतं.

त्या बुधवारी सकाळी आठालाच मोटारसायकलचा आवाज आला. बुधवारी मास्तर! मी खांद्यावर टॉवेल टाकून शाळेत गेलो. मास्तरांच्या कपाळावर घाम होता.

"अध्यक्ष, तालुक्याहून सायेब येतायत. अकरापर्यंत. परीक्षेची तयारी बघणार, आणि जूनला कुठल्या शाळेला अतिथी लागतोय ते लिहून नेणार."

जयश्री फळा पुसत होती. तिचा हात थांबला. ओठ हलले, हसू आलं की काय असं मला वाटलं.

"मग आज नाव सांगायचं न्हवं, सर?"

"आज कसं सांगायचं, बाळ? विनाकागदाची बाई वर्गात दिसली तर आधी तूच गोत्यात येशील. मग मी, मग शाळा. आज तू स्वयंपाकघरात थांब. गंगूला म्हणावं, घरीच राहा."

"म्हणजे मी भात शिजवू?"

"एक दिवस गं. मी तुलाच वाचवतोय."

गंगू दारातच उभी होती. ती म्हणाली, "मास्तर, तिला भात येत न्हाई. करपवंल."

जयश्रीनं माझ्याकडं बघितलं. तशी नजर पोर लहानपणी आंब्याच्या झाडावर चढून अडकली की खाली बघून करायची. मी घंटेच्या दोरीकडं बघत म्हणालो, "आजचा दिवस, जयू."

दोन शब्द आणि तिचं नाव. गावाचं वाटोळं करायला फार बोलावं लागत नाही.

तिनं ओढणी कमरेला बांधली आणि चुलीकडं गेली. मास्तरांनी पोरांना ओळीत उभं करून सांगितलं, "आज हिला बाई म्हणायचं नाही. अक्का म्हणायचं. कळलं?" पोरांनी माना हलवल्या. पोरं मोठ्या माणसांसारखी नसतात. त्यांना एकदा सांगितलं की त्यांना वाटतं, यात काहीतरी कारण असणार.

सायेब आले ते धारवाडकडचे. तरणे, घामेजलेले, बुटांवर आमची तांबडी माती. मला नमस्कार करून म्हणाले, "अज्जा, मराठी माझं जरा अडकतं हां. सांभाळून घ्या." माझ्या शेजारी बसले. मी शेजारच्या खुर्चीत ताठ.

त्यांनी एका पोराला विचारलं, नऊ साती किती. पोरानं सांगितलं, त्रेसष्ट. सांगून झाल्यावर त्यानं मान वळवली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. दुसऱ्याला विचारलं, त्यानंही उत्तर देऊन तिकडंच बघितलं. एकही पोर मास्तरांकडं बघेना. मी पोरांच्या मानांकडं बघत होतो आणि माझी मान आखडत होती.

मग मास्तरांनी जोर दाखवायला एका पोरीला उठवलं. "सुमन, धडा वाच बघू."

पोरगी उठली नाही. ती रेवती होती. सुमन म्हणून पोरगी होती खरी, पण दोन वर्षांपूर्वी ती मामाकडं गेली होती, हल्याळला.

"सुमन, उठ की!"

"सुमन न्हाई, सर," मागनं एक पोर बारीक आवाजात म्हणालं. मास्तर खोकले. सायेबांनी वहीचं पान उलटलं. पत्रा तापून कडकड वाजत होता. चुलीत ओलं लाकूड होतं वाटतं. धूर दारातनं वर्गात येत होता, आणि त्या धुरातनंच जयश्री ताटात पाण्याचे पेले घेऊन आत आली.

अकरा पोरं एकदम उठली.

बाकांचा तो एकच आवाज. आणि मग तीन वर्षांची सवय, दर सकाळची, लांब सुरात ओढलेली: "न-म-स्ते, बा-ई!"

ताटातले पेले एकमेकांवर वाजले. जयश्री जागच्या जागी थांबली. सायेब तिच्याकडं बघत होते, मग पोरांकडं, मग परत तिच्याकडं. मास्तर हसले. तसं हसायला माणूस फार हुशार असावा लागतो. "बघा सर, शिस्त! आमच्याकडं स्वयंपाकीणबाई आली तरी पोरं उठून उभी राहतात."

सायेब माझ्याकडं वळले. "हौदा, अज्जा? खरं?"

मी बुधवंत. माझ्या पाठीमागं भिंत, आणि भिंतीमागं आमचा मांड. मांड म्हणजे शिमग्याचा ढोल जिथनं उठतो आणि घरोघर फिरून जिथं परत येऊन टेकतो, ती जागा. मांड उघडल्यापासनं मोडेपर्यंत गावात खोटं बोलायचं नाही, अशी आमची रीत. शिमग्यात शिव्या चालतात, बोंब चालते, कुणी पिऊन पडला तर त्याला उचलून घरी न्यायचं. खोटं चालत नाही. बुधवंताचं तर नाहीच. मांड उघडून तिसरा दिवस होता.

"व्हय सायेब," मी म्हणालो. "भात वाढणाऱ्या हाताला आमची पोरं उठून मान देतात."

वाक्य झकास जमलं, असं मला त्याच क्षणी वाटलं. हे मी आजपर्यंत कुणाला बोललो नव्हतो. खोटं बोलल्याची लाज मागनं आली. आधी आली ती वाक्य जमल्याची ऐट.

सायेब खूश झाले. "मास्तर रोज येतात?"

"येतात."

"जूनला अतिथी पाहिजे का? गावात शिकलेलं कोणी आहे?"

मी तोंड उघडलं. मास्तर म्हणाले, "सध्या तरी कोणी नाही, सर." मी तोंड मिटलं. जयश्री ताट धरून तिथंच होती, माझ्यापासून चार हातांवर. सायेबांच्या पेनाचा आवाज मला अजून ऐकू येतो.

पोरं उभीच होती. त्यांना बसा म्हणायचं कुणाच्या ध्यानातच नव्हतं. शेवटी जयश्रीच हळू आवाजात म्हणाली, "बसा." अकराही बसली. सायेबांचं पेन थांबलं, मग परत चालू लागलं.

जेवताना त्यांनी भाताचं कौतुक केलं. भात करपला होता. मग सहज विचारलं, "अक्का, तुम्ही कितवी शिकलात?"

ती माझ्याकडं बघून म्हणाली, "भात शिजवण्यापुरती, सर."

घरी आलो तर आमची म्हातारी काजूच्या बिया वाळवत बसली होती. आमच्या गावात बातमी माणसाच्या आधी घरी पोचते. ती मान वर न करता म्हणाली, "पाणी ठेवलंय. चूळ भरा आधी."

"कशाला? जेवून आलोय."

"म्हणूनच सांगते. तोंडात मास्तर राहिला असंल."

मी चिडलो. म्हणालो, शाळा वाचवायची होती. ती म्हणाली, "शाळा म्हणजे काय ओ? पत्रा आणि दोन खोल्या? त्या वाचल्या. त्यात शिकवत होती ती पोर चुलीत घातली तुम्ही." एवढं बोलून ती परत बियांत हात फिरवू लागली. त्या बियांचा खरखर आवाज मला कुणी दगडावर कोयता घासावा तसा लागत होता.

दिवेलागणीला मांडावर गेलो. जाणं भागच होतं; गाऱ्हाणं दुसरं कोण घालणार? ढोल गरम करायला शेकोटी पेटली होती, कातड्याचा वास येत होता. पुरुष मांडाभोवती, बायका कडेला. मी नारळ हातात घेतला. आमचं गाऱ्हाणं असं असतं की बुधवंत एक एक वाक्य म्हणतो आणि सगळा गाव म्हणतो, व्हय म्हाराजा.

"बारा वाटेचा, बारा पाणवठ्याचा तू राखणदार."

"व्हय म्हाराजा!"

"गोठ्यातलं गोठ्यात राख, रानातलं रानात राख."

"व्हय म्हाराजा!"

दर वर्षी बायकांच्या बाजूनं गंगूचा आवाज सगळ्यांच्या वर येतो. त्या दिवशी तो नव्हता. ढोलात एक चामडं ढिलं असावं तसा सगळा गाव बसका वाजत होता. मी पुढं म्हणत गेलो. वाटेचं झालं, पाण्याचं झालं, लेकराबाळांचं झालं. त्यानंतर एक वाक्य येतं. कुणाच्या तोंडातनं खोटं गेलं असंल तर ते त्याच्याच पायाशी ठेव. ते माझ्या घशाशी आलं आणि मी त्याच्यावरनं उडी मारून पुढं गेलो. पाऊसपाण्याचं म्हणायला लागलो.

"बुधवंत," गंगू म्हणाली. मोठ्यानं नाही. "एक राहिलं."

शेकोटीचा आवाज. माझ्या आज्यापासनं माझ्यापर्यंत कधी कुणी मांडावर बुधवंताला टोकलं नव्हतं, त्यात बाईमाणसानं तर कधीच. ढोलवाल्यानं काठी वर धरलेली तशीच. माझ्या डोक्यात रक्त चढलं. एका क्षणाला वाटलं, नारळ तिथंच आपटावा आणि विचारावं, तू कोण मला शिकवणारी? आणि दुसऱ्या क्षणाला दिसलं की ती शिकवत नाहीये. ती थांबलीय.

मी ते वाक्य म्हणालो. गावानं व्हय म्हाराजा म्हटलं, जोरात म्हटलं, मागं ढोलही उठला. गंगूचे ओठ मात्र मिटलेलेच होते.

आता इतकी वर्षं झाली. लोक मला विचारतात, नाही, विचारत नाहीत, माझ्यादेखत एकमेकांना सांगतात, की बुधवंतानं शाळा खाल्ली. त्यात खोटं नाही. पुढं चौकशी लागली, मास्तर गेले. जूनपासनं गणपतीच्या चवथीपर्यंत वर्गाला कुलूप. चौकशी चालू म्हणून जयश्रीला आमच्या शाळेत घेतलं नाही, रामनगरकडच्या एका शाळेत अतिथी म्हणून घेतलं; अजून तिथंच आहे, दर वर्षी नव्यानं. बसमधनं उतरून मास्तरांच्या दुकानासमोरनं चालत शाळेत जाते. मास्तर तिला नमस्कार करतात म्हणे. आमची पोरं एकेक करून दुसरीकडं गेली, अकराची चार झाली, मग शाळा मिटली. रेवती गुंदला जीपनं जाते. गाऱ्हाणं आता माझा पुतण्या घालतो. मान कुणी काढून घेतला नाही, मीच दिला.

शाळा वाचवायला मी जे खोटं बोललो त्यानं ती वाचली असती, तर काय म्हणालो असतो? हा विचार दर मार्चमध्ये माझ्याभोवती माशीसारखा फिरतो. मी हट्टी माणूस. मला अजूनही वाटतं की चांगला मास्तर आला असता, सहा महिने आधी मी तोंड उघडलं असतं, तर खरंही राहिलं असतं आणि शाळाही. पण 'आजचा दिवस' म्हणणाऱ्याला उद्या कधी सापडत नाही. मास्तरांनी आमच्यापासून काही लपवलं नव्हतं. ते गुरुवारी सगळ्यांदेखत यायचे आणि आम्ही सगळ्यांनी त्यांना चहा दिला. मीच नव्हे का जास्त साखरेचा द्यायला सांगायचो?

त्या रात्री मांडावरनं आल्यावर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर नेसलो आणि बसला निघालो. वाटेत गंगूच्या दारात उभा राहिलो. जयश्री अंगण झाडत होती. शाळेत जायची तिची तयारी दिसत नव्हती.

"जयू, मी जोयड्याला चाललोय. सायेबाकडं."

तिनं झाडू थांबवला नाही. "माझ्यासाठी जाताय, अज्जा, की तुमच्या मांडासाठी?"

मला खोटं बोलता आलं असतं. "दोन्हीसाठी," मी म्हणालो.

"मग जा," ती म्हणाली. "बस चुकंल."

ऑफिसात सायेब नुकतेच आले होते. मला बघून उठले. "अज्जा! कालचं जेवण छान होतं."

"काल मी खोटं बोललो, सायेब. ती स्वयंपाकीण नव्हं. शाळा ती चालवते, तीन वर्षं झाली. मास्तर गुरुवारी येतात. मला पहिल्यापासनं ठाऊक होतं."

ते बसले. टेबलावरची फाईल बाजूला सारली. मग म्हणाले, "पोरं बसली ना तिनं सांगितल्यावर, तेव्हाच मला वाटलं होतं." मग आवाज उतरवून, "अज्जा, हे मी लिहिलं तर चौकशी होणार. मास्तर जाणार. दुसरा कधी येईल मला सांगता येत नाही. शाळा बंदही पडंल. परत जायचं असलं तर जावा. तुम्ही आलाच नव्हता असं समजतो. लिहू का?"

भिंतीवर पंखा कट्कट् करत फिरत होता. मला अकराही पोरांची नावं येतात. मी मनातल्या मनात एकदा म्हणून घेतली.

"लिवा," मी म्हणालो.

त्यांनी कालचा कागद काढला, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "तिचं पूर्ण नाव?" मी सांगितलं. ते लिहायला वाकले. मी खुर्चीवरनं उठलो, टेबलाला वळसा घालून त्यांच्या बाजूला गेलो आणि कागदावर वाचून बघितलं. पेन 'स्वयंपाकीण' लिहिलेल्या ओळीवर टेकलं होतं.

"तिथं न्हाई, सायेब." मी वरच्या, 'शिक्षक' लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते नाव पुरं लिहून होईपर्यंत उचललं नाही.